बार्ज, अडीच किलो

केकची बार्ज होत नाही.
केक मऊ मनाचा, कोपरा धरला की ओघळतो.
म्हणून पोटात केक, आणि बाकीचं सगळं,
नाळ, केबिन, भोंगा, दोरखंडाचे खुंट,
मार्शमॅलोत घोळलेल्या सिरियलचं.

एर्मेलिंडाबाय म्हणते, आधी हाताला लोणी लाव,
मग त्याच्याशी बोल.
मंद आच. पांढरे गोळे थोडा वेळ रुसून बसतात,
कडेने चकाकतात,
मग एकाएकी कुठला कोण ते कळत नाही.
त्यात सिरियल ओतायचं, ढवळायचं,
आणि मोजून चार मिनिटं आपली.
पाचव्या मिनिटाला ते स्वतःच्या मताचं होतं.

सुरुवातीला मी कुरमुरे घातले होते,
डिचोलीच्या बाजारातले, मापट्याने घेतलेले.
तेवढीच काटकसर.
रात्रीत नवरीची मान मऊ पडली,
सकाळी ती आपल्याच पोटाकडे बघत उभी.
बाय ओरडली नाही. तिने ती मान खाल्ली.
"चव बरी आहे," म्हणाली, "पण लग्नाला नको."

आमच्या घरी चिकणमातीचे गणपती व्हायचे.
बाबा सोंडेवरून ओला अंगठा फिरवायचे
तो अंगठा माझ्याकडे आलाय, पण इथे पाणी चालत नाही.
मे महिन्यात हवेतलंच पुरे होतं.
दुपारी वीज गेली
की थंड खोलीतला फुटबॉलपटू गुडघ्यांतून बसायला लागतो.
मी पुठ्ठ्याने वारा घालते,
थांब रे बाबा, अजून हाफटाइम व्हायचाय.

विभा तारी फोटो घेऊन आली.
आजोबांना पंच्याहत्तर.
एकतीस वर्षं बार्जचे मास्टर, आमोण्याच्या धक्क्यावरून मुरगावपर्यंत.
फोटोत बार्ज इवलीशी, आभाळच जास्त,
नाव मात्र वाचता येत होतं: केळबाई प्रसाद.

गोळा साच्यात दाबला, अंगातलं सगळं बळ लावून.
रात्रभर ठेवला.
सकाळी पावाच्या सुरीने कोरला,
दाणे कुरकुरत सुटत होते, एप्रन भरून.
चॉकलेटचा हात दिला, खड्डे बुजले.
वर खनिज: बिस्किटांचा चुरा,
गेरूचा रंग येईपर्यंत तीनदा बिघडवलेला.
खाली निळ्या आयसिंगची मांडवी.

सरप्राइज होतं.
पण उरलेले पैसे द्यायला आजोबाच आले,
सगुण तारी, इस्त्रीचा शर्ट, पायांत रबरी चपला.
नात मागून हातवारे करत होती. उशीर झाला होता.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले.
"भरिल्ली काय रिती?"
भरलेली, मी म्हटलं, खनिज आहे ना वर.
"मग एवढी उंच कशी?"
भरलेली बार्ज पाण्यावर नसते म्हणे, पाण्यात असते.
डेक आणि नदी यांच्यात जेमतेम वीत,
लाट आधी पायांना कळते, मग डोळ्यांना.
निळ्या आयसिंगच्या वर, न टेकवता,
त्यांनी बोट आडवं धरलं. इथपर्यंत.

विभा म्हणाली, त्यापेक्षा वरचा चुरा काढून टाकूया,
रिकामी दाखवूया, सोपं पडेल.
"नको," ते म्हणाले. "रिकाम्या पुष्कळ बघून झाल्या."

मग आम्ही दोघींनी बार्ज उचलली,
बायने खालून धरली, मी सुरी ओढली,
दोन बोटं जाडीचा तळ निघाला.
ते स्टुलावर बसून तो तळ खात राहिले,
दात नव्हते, विरघळायची वाट बघत.

वजन घटलं होतं, बिल तेवढंच राहिलं.
पाण्याखालचं पण मोजायचं असतं,
बाय पावती फाडताना म्हणाली.
तारींनी मान डोलावली, हिशोब पटल्यासारखी.

रिक्षात खोका त्यांनी मांडीवर घेतला,
नातीच्या हाती दिला नाही.
रिक्षा सुरू होता होता ऐकू आलं,
ते ड्रायव्हरला सांगत होते:
वळणावर सावकाश घे.
भरलेली आहे.